‘एन्कोडर गेला’ : औद्योगिक यंत्रमानवाच्या सर्वो ड्राइव्हमधील फीडबॅक-दोषांच्या निदान-सारणीची चिकित्सा

बीजसंज्ञा : सर्वो ड्राइव्ह, एन्कोडर, फीडबॅक, दोषसंकेत, निदान-सारणी, मास्टरिंग

प्रास्ताविक

औद्योगिक यंत्रमानव, ज्याला कारखान्यात सरसकट ‘रोबो’ असे म्हटले जाते, त्याच्या देखभालीविषयीचे बहुतेक लेखन उत्पादक कंपन्यांच्या पुस्तिकांतून आढळते. पुस्तिका हे वाङ्मय नव्हे. म्हणून तिची समीक्षा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः जे लेखन वाचकाच्या विचारपद्धतीला वळण लावते, ते समीक्षेच्या कक्षेत यावयास हवे. रात्रपाळीत बंद पडलेल्या रोबोसमोर उभा असलेला तंत्रज्ञ पुस्तिकेचे जे पान उघडतो, ते पान त्याला केवळ माहिती देत नाही. कशाकडे पाहावयाचे आणि कशाकडे दुर्लक्ष करावयाचे, हेही ते पान त्याच्यासाठी ठरवून टाकते.

प्रस्तुत लेखात अशा पुस्तिकांमधील एका लहानशा पण प्रभावी भागाचा, म्हणजे दोष-निदानाच्या सारणीचा विचार केला आहे. तोही सर्व दोषांच्या संदर्भात नव्हे. सर्वो ड्राइव्हला मोटरकडून मिळणाऱ्या स्थितिविषयक माहितीत, म्हणजेच एन्कोडर-फीडबॅकमध्ये जे दोष उद्भवतात, तेवढ्यापुरताच. ‘संकेत, संभाव्य कारण, उपाय’ अशा तीन स्तंभांची ही सारणी पदविका, पदवी व औद्योगिक प्रशिक्षण या तिन्ही स्तरांवरील अध्यापनात जशीच्या तशी उतरली आहे. प्रस्तुत लेखकाने इलेक्ट्रॉनिक्स विषयाचे अध्यापन करताना ती अनेक वर्षे फळ्यावर लिहून दिली आहे. त्यामुळे पुढील चिकित्सा काही अंशी स्वतःच्याच अध्यापनाची आहे, हे प्रारंभीच नमूद करणे उचित होय.

फीडबॅकचे स्थान

सर्वो मोटर आज्ञेनुसार फिरते आणि आपण किती फिरलो हे सतत कळवीतही असते. कळविण्याचे हे काम मोटरच्या मागील टोकाला बसविलेला एन्कोडर करतो. प्रकाशीय एन्कोडरमध्ये आसाबरोबर फिरणारी, बारीक रेघा आखलेली एक चकती असते. तिच्या एका बाजूस प्रकाशस्रोत आणि दुसऱ्या बाजूस प्रकाशसंवेदक असतो. साध्या इन्क्रिमेंटल प्रकारात ए आणि बी असे दोन संकेत परस्परांपासून ९० अंशांनी सरकलेले असतात. कोणता आधी येतो यावरून फिरण्याची दिशा कळते. एका फेऱ्यास २,५०० स्पंद देणाऱ्या अशा एन्कोडरच्या दोन्ही संकेतांच्या चढत्या व उतरत्या कडा मोजल्यास १०,००० गणना मिळतात. येथवरचा भाग आपल्या पाठ्यपुस्तकांत व्यवस्थित आलेला आहे.

रोबोच्या सांध्यांवर मात्र प्रायः ॲब्सोल्यूट प्रकारचा एन्कोडर असतो. तो मोजलेले स्पंद न देता प्रत्यक्ष स्थानच अंकात सांगतो. १७ बिटांचा एन्कोडर एका फेऱ्याचे १,३१,०७२ भाग करतो, तर २० बिटांचा १०,४८,५७६. फेऱ्याच्या आतील स्थान चकतीवरून केव्हाही वाचता येते, परंतु आजवर किती पूर्ण फेरे झाले ही संख्या वीज बंद असतानाही स्मरणात राहावी लागते. अनेक जपानी बनावटीच्या रोबोंमध्ये हे स्मरण बॅटरीवर चालते. ही सर्व माहिती केबलमधून क्रमवार बिटांच्या रूपाने, त्रुटी ओळखण्यासाठी जोडलेल्या सीआरसी या पडताळणी-अंकासह ड्राइव्हकडे जाते.

या माहितीचे मोल समजण्यासाठी एक साधे गणित पुरेसे आहे. मोटर आणि सांधा यांमध्ये १०० ला १ असा गतिरोधक गिअर आहे असे समजू. मोटरचा एक फेरा म्हणजे सांध्याचे ३.६ अंश. सांध्यापासून दीड मीटर अंतरावर वेल्डिंगची टॉर्च असेल, तर बॅटरी संपून फेऱ्यांच्या गणनेत केवळ एकाची चूक झाली असता टॉर्चचे टोक सुमारे ९४ मिलिमीटर भलतीकडे जाते. दुसरीकडे, त्याच १७ बिटांच्या एन्कोडरची एक गणना टोकाशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. इतक्या सूक्ष्म आणि इतक्या ढोबळ अशा दोन्ही चुका एकाच तारेतून येऊ शकतात. शिवाय हेच वाचन वेगाच्या नियंत्रणासाठी आणि चुंबकीय ध्रुवांशी मोटरच्या प्रवाहाचा मेळ राखण्यासाठीही वापरले जाते. ते संशयास्पद ठरताच ड्राइव्ह मोटरचा प्रवाह तोडतो, ब्रेक बसतो आणि रोबो जागीच थांबतो. ड्राइव्हचे हे वर्तन सर्वथा योग्य आहे. आक्षेप त्यानंतर जे लिहिले व वाचले जाते त्यावर आहे.

संकेतांची नावे आणि त्यांचा वक्ता

फॅनक कंपनीच्या रोबो-नियंत्रकांतील तीन संकेत उदाहरणादाखल घेऊ. एसआरव्हीओ-०६८ म्हणजे डीटीईआरआर, ०६९ म्हणजे सीआरसीईआरआर आणि ०७० म्हणजे एसटीबीईआरआर. पहिल्याचा अर्थ असा की, ड्राइव्हने माहिती मागितली पण पल्सकोडरकडून, म्हणजे या कंपनीच्या एन्कोडरकडून, उत्तर आले नाही. दुसऱ्याचा अर्थ उत्तर आले, परंतु वाटेत ते विस्कटले. तिसऱ्याचा अर्थ उत्तराच्या शेवटाची खूण असलेला बिट जेथे हवा तेथे सापडला नाही. निःशब्दता, अस्पष्ट शब्द आणि अर्धवट वाक्य अशा या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. त्या वेगळ्या ओळखणारी ही नामपद्धती खरोखर प्रशंसनीय आहे. यास्कावा कंपनीच्या सिग्मा मालिकेतही ए.८१० हा बॅकअपचा दोष, ए.८३० हा बॅटरीचा दोष आणि ए.सी९० हा एन्कोडरशी होणाऱ्या संदेशवहनाचा दोष, असे विभाजन आहे.

आता या नावांचा वक्ता कोण, हा प्रश्न विचारून पाहावा. वाङ्मयाच्या अभ्यासात निवेदक कोण आणि त्याला काय दिसू शकते, हा प्रश्न आपण प्रथम वर्षापासून विचारतो. येथे निवेदक एन्कोडर नाही, ड्राइव्ह आहे. तो कपाटात बसलेला आहे. त्याच्या आणि एन्कोडरच्या मध्ये एक कनेक्टर, कपाटापासून रोबोच्या पायथ्यापर्यंतची केबल, पायथ्यावरील दुसरा कनेक्टर, रोबोच्या अंगातून वळणे घेत जाणारी केबल आणि मोटरवरील तिसरा कनेक्टर एवढे अंतर आहे. याशिवाय ड्राइव्हच्या आतील ग्राहक-मंडल आणि एन्कोडरला पुरविली जाणारी ५ व्होल्टची वीज यांचाही या संवादात सहभाग असतो. ‘उत्तर आले नाही’ एवढेच ड्राइव्ह प्रामाणिकपणे सांगू शकतो. उत्तर दिलेच गेले नाही की दिलेले पोहोचले नाही, हे सांगण्याचे कोणतेही साधन बहुतेक वेळा त्याच्याजवळ नसते.

सारणी मात्र ही मर्यादा पुसून टाकते. संकेताच्या नावात ‘एन्कोडर’ हा शब्द असतो, कारणाच्या स्तंभात ‘एन्कोडर सदोष’ अशी नोंद असते, आणि पुष्कळ मोटरांमध्ये एन्कोडर कारखान्याच्या आवारात सुटा बदलण्यासारखा नसल्याने उपायाच्या स्तंभात ‘मोटर बदला’ असे येते. साक्षीदाराचे निवेदन दोन स्तंभ ओलांडताच निकालपत्र होते. काही पुस्तिकांत कनेक्टर व शील्ड तपासण्याची सूचना मोटर बदलण्याच्या आधी दिलेली असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘केबल तपासा’ या दोन शब्दांत कशी, कोणत्या स्थितीत आणि किती वेळ तपासावी याचा उलगडा क्वचितच असतो. मोटर बदलण्याची कृती मात्र चित्रांसह अनेक पानांत दिलेली असते. लेखनाचा कल शब्दांच्या क्रमाइतकाच त्यांच्या विस्तारावरूनही ओळखावा लागतो.

नावांमुळे होणाऱ्या गैरसमजाचे आणखी एक उदाहरण महत्त्वाचे आहे. बॅटरीचा दाब शून्यावर आला की फॅनकच्या रोबोवर एसआरव्हीओ-०६२ हा बीझेडएएल नावाचा संकेत येतो. बॅटरी बदलून, तो संकेत विहित पद्धतीने पुसून पुन्हा वीज दिली की ०७५ क्रमांकाचा संकेत दिसतो. त्याच्या नावाचा अर्थ ‘स्पंद प्रस्थापित नाहीत’ असा होतो. वस्तुतः हा नवा बिघाड नव्हे. मोटर थोडी फिरवून एन्कोडरला आपले स्थान निश्चित करू द्यावयाचे, एवढीच त्याची मागणी असते. तो सांधा जॉग करून फिरविला की संकेत जातो आणि मग मास्टरिंग, म्हणजे सांध्यांच्या शून्यस्थानाची पुनर्स्थापना करावयाची असते. परंतु दोषांच्याच यादीत, दोषासारख्याच क्रमांकाने आल्यामुळे नवखा तंत्रज्ञ त्याला दुसरा बिघाड समजतो. ‘आधी बॅटरी गेली, आता एन्कोडरही गेला’ असे उद्गार लेखकाने स्वतः ऐकले आहेत. दुरुस्तीच्या वाटेवरील पायरीला दोषाचे नाव देणे हा लेखनदोष आहे, आणि त्याची किंमत एका चांगल्या मोटरीइतकी असू शकते.

एका प्रकल्प-अहवालाची हकीकत

पुणे जिल्ह्यातील चाकण, तळेगाव या परिसरांत किंवा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये वाहनांचे सुटे भाग बनविणारे कारखाने पुष्कळ आहेत, आणि आमचे विद्यार्थी प्रशिक्षणासाठी अशा ठिकाणी जातात. अशाच एका कारखान्यात (त्याचे नाव येथे अप्रस्तुत आहे) काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने आर्क वेल्डिंगच्या रोबोवर प्रकल्प केला. त्या रोबोच्या तिसऱ्या सांध्यावर पाळीत दोन-तीनदा एन्कोडर-संवादाचा दोष येई. रीसेट केले की रोबो पुन्हा चाले. विद्यार्थ्याने वर्गात शिकविलेली सारणी काढली, कारणांचा तक्ता केला, मल्टिमीटरने केबलची सलगता तपासली, ती ठीक आढळली, आणि ‘एन्कोडर सदोष, मोटर बदलावी’ असा निष्कर्ष लिहिला. कारखान्याने मोटर बदलली. तीन दिवस दोष आला नाही. अहवाल सादर झाला. लेखकाने त्याला वर्गातील सर्वाधिक गुण दिले.

चौथ्या दिवशी तोच दोष तेथेच आला. दरम्यान मोटर बदलल्यामुळे मास्टरिंग नव्याने करावे लागले होते, आणि ते सांध्यांवरील खुणा डोळ्यांनी जुळवून केले गेल्यामुळे वेल्डची रेघ जोडावरून थोडी सरकत होती. त्यामुळे कार्यक्रमातील बिंदू पुन्हा शिकविणे भाग पडले. एका न झालेल्या बिघाडाच्या दुरुस्तीतून एक खरा बिघाड निर्माण झाला.

लेखक त्यानंतर तेथे गेला असता देखभाल विभागातील एका ज्येष्ठ तंत्रज्ञाची भेट झाली. सर्व जण त्यांना ‘काका’ म्हणत. निवृत्तीला आलेले हे गृहस्थ आयटीआय उत्तीर्ण होते. त्यांच्या खिशात एक छोटी वही होती. मागील पंधरवड्यात तो दोष जेव्हा जेव्हा आला, तेव्हा कार्यक्रमाची कोणती ओळ चालू होती, वेल्डिंग चालू होते की बंद, हे त्यांनी तारीखवार टिपून ठेवले होते. ‘सर, अलार्म काय म्हणतो ते आम्ही नंतर बघतो. आधी कधी म्हणतो ते बघतो,’ असे ते म्हणाले. सर्व नोंदी कार्यक्रमाच्या दोनच ओळींवर होत्या. त्या दोन्ही ओळींत रोबो जिगच्या पलीकडील टोकापर्यंत हात लांबवून खाली वाकत असे. वेल्डिंग काही वेळा चालू होते, काही वेळा बंद. म्हणजे वेल्डिंगमुळे होणाऱ्या विद्युत-गोंगाटाचा संशय मावळला. त्याच स्थितीत रोबो थांबवून, आपत्कालीन बटण दाबलेले ठेवून, काकांनी दुसऱ्या व तिसऱ्या सांध्यांमधील केबल हाताने वाकवून दाखविली. नियंत्रकाच्या पडद्यावर संवादाचा दोष लगेच उमटला. आवरणाच्या आत एक तार तुटलेली होती. सरळ स्थितीत तिची टोके एकमेकांना टेकत, वाकविले की सुटत. विद्यार्थ्याने सलगता तपासली होती ती रोबो विश्रामस्थितीत उभा असताना, म्हणजे नेमकी टोके टेकलेली असताना.

मधले तीन दिवस दोष का आला नाही, याचे उत्तर पुढे मिळाले. मोटर बदलताना केबल ओढली गेली, तिचा बांध सैल झाला आणि वाकण्याची जागा काही काळ बदलली. ‘मोटर बदलली आणि दोष गेला’ या वाक्यातील दोन घटनांमध्ये कार्यकारण-संबंध नव्हताच. मोटर बदलणारा केवळ मोटर बदलत नाही. तो कनेक्टर काढून पुन्हा बसवितो, केबल हलवितो, वीज बंद-चालू करतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे दोष तात्पुरता घालवू शकते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा प्रयोगाचा प्राथमिक नियम प्रयोगशाळेत आपण आग्रहाने शिकवितो आणि दोष-निदानाच्या पाठात विसरतो. कनेक्टर नुसता काढून पुन्हा बसवावा व एक पाळी रोबो चालवून पाहावा, ही बिनखर्चाची पायरी लेखकाच्या स्वतःच्या सारणीतही नव्हती.

सारणीत न मावणाऱ्या गोष्टी

वरील प्रसंगावरून ‘दोष नेहमी केबलमध्येच असतो’ असा नवा ठोकताळा काढणे म्हणजे जुन्या चुकीची पुनरावृत्ती होईल. एन्कोडर खरोखर बिघडतात. चकतीवर तेलाचा थर बसतो, आसाचे बेअरिंग झिजते, उष्णतेने प्रकाशस्रोत मंद होतो, धक्क्याने चकतीला तडा जातो. प्रश्न शक्यतांचा नाही. एक शक्यता दुसरीपासून वेगळी कशी करावी याचा आहे. त्यासाठी सारणीत नसलेल्या तीन गोष्टी लागतात: स्थिती, काळ आणि भार.

स्थितीविषयी वर आलेच आहे. जो दोष सांध्याच्या ठरावीक कोनात येतो, तो वाकणाऱ्या केबलकडे निर्देश करतो. जो मोटरच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी येतो, तो चकतीकडे. जो वेग वाढताच येतो आणि सावकाश जॉग करताना येत नाही, त्याचा विचार आणखी निराळा करावा लागतो. काळाचेही तसेच आहे. पाळीच्या प्रारंभी न येता दोन तासांनी, मोटर तापल्यावर येणारा दोष आणि पावसाळ्यात पहाटे यंत्र सुरू करताना येणारा दोष यांना सारणीत एकच क्रमांक असतो.

भाराचा मुद्दा अध्यापकांना विशेष उपयुक्त वाटेल, कारण तो ओमच्या नियमापलीकडे जात नाही. एन्कोडरला साधारणतः ५ व्होल्ट वीज ड्राइव्हकडून केबलमधूनच मिळते. ०.२ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेची २० मीटर लांबी घेतल्यास तिचा रोध सुमारे १.७५ ओहम भरतो. जाण्यायेण्याचा मिळून ३.५ ओहम. एन्कोडर १५० मिलिअँपिअर घेत असेल, तर वाटेतच अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब खर्च होतो आणि एन्कोडरपाशी सुमारे ४.४७ व्होल्ट उरतात. पाच टक्क्यांची सूट धरली तर किमान ४.७५ हवेत. म्हणूनच चांगल्या केबलमध्ये विजेसाठी अधिक जाड किंवा दुहेरी तारा दिलेल्या असतात. त्यांपैकी एक तार तुटली, किंवा कनेक्टरच्या पिनेवर गंज चढला, की एन्कोडर जिवंत राहतो पण अडखळत बोलतो. केबल सोडवून तिच्या टोकाशी मल्टिमीटर लावला तर तो ५ व्होल्टच दाखवितो, कारण तेव्हा प्रवाहच वाहत नसतो. मोजमाप खरे असते आणि निष्कर्ष खोटा. विद्यार्थ्याच्या सलगता-चाचणीचेही याहून वेगळे झाले नव्हते.

विद्युत-गोंगाटाची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. सीआरसीचा दोष आला की शील्ड पाहावे, असे सर्वत्र लिहिलेले असते. परंतु शील्डची वेणी कनेक्टरच्या धातूच्या कवचाला सर्व बाजूंनी घट्ट पकडलेली आहे की तिची वात करून एका बारीक तारेने लांब नेऊन जोडली आहे, यात उच्च वारंवारितेच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. मल्टिमीटरला दोन्ही सारखेच दिसतात. टिग वेल्डिंगमध्ये ठिणगी पेटविण्यासाठी वापरली जाणारी उच्च वारंवारिता, स्पॉट वेल्डिंगमधील हजारो अँपिअरचे झटके, स्वतः ड्राइव्हमधील ट्रान्झिस्टरांचे जलद उघडमीट होणे, इतकेच नव्हे तर दमन-घटक नसलेले ब्रेकचे वेटोळे, यांपैकी काहीही त्या बारीक तारेवर आपली छाप उमटवू शकते. मोटरच्या शक्तीची केबल आणि एन्कोडरची केबल एकाच नळीतून दाटीने नेलेल्या असतात हे आपण कारखान्यांत नित्य पाहतो. तेथे नवी मोटर बसविल्याने काय साध्य होणार?

एबीबी आणि कूका या कंपन्यांच्या अनेक रोबोंमध्ये सांध्यांवर प्रकाशीय एन्कोडरऐवजी रिझॉल्व्हर असतो. तो मूलतः फिरणारा ट्रान्सफॉर्मर आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक भाग नसतात, त्यामुळे उष्णता व तेल तो अधिक सहन करतो. परंतु त्याच्या साइन-कोसाइन संकेतांचे अंकांत रूपांतर करणारा फलक रोबोच्या अंगावर अन्यत्र असतो, म्हणजे संशयितांत एकाची भर पडते. कारखान्यात मात्र त्यालाही ‘एन्कोडर’च म्हणतात आणि तोही ‘जातो’.

‘एन्कोडर गेला’ या प्रचलित वाक्याकडे येथे पुन्हा वळणे आवश्यक आहे. मराठीत वस्तू ‘जाते’ तेव्हा तिच्याविषयी आणखी काही विचारावयाचे उरत नाही. बल्ब गेला, फ्यूज गेला, तसाच एन्कोडर गेला. बल्बच्या बाबतीत हे ठीक आहे. तेथे निरीक्षण आणि निदान एकच असते. एन्कोडरच्या बाबतीत निरीक्षण एवढेच असते की ड्राइव्हला उत्तर मिळाले नाही. आमच्या तंत्रशिक्षणाची मराठी या दोहोंत भेद करणारे वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडी बसवू शकलेली नाही. हा दोष परभाषेतील पुस्तिकेचा नव्हे, आपला आहे.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

व्यवहारी माणूस म्हणेल की, उत्पादन थांबले असताना ही चिकित्सा कोणी करावी? मोटर शिल्लक आहे, बदला आणि पुढे चला. हा आक्षेप हलका नाही. थांबलेल्या साखळीतील प्रत्येक मिनिटाचा हिशेब देखभाल विभागाला द्यावा लागतो, आणि सुटा भाग बदलणे ही कधी कधी सर्वांत शहाणपणाची कृती असते. पण मोटर बदलणे निरुपद्रवी आहे हे गृहीतक चुकीचे आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या सांध्याची मोटर काढली की तिच्यातील ब्रेकही तिच्याबरोबर निघतो. हाताला आधार दिला नसेल तर तो स्वतःच्या वजनाने खाली येतो, आणि त्याखाली माणूस असू शकतो. निदानासाठी दोन सांध्यांच्या फीडबॅक-केबली आपसांत बदलून पाहण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, तीही सर्वो चालू ठेवून केली तर घातक ठरते. ड्राइव्ह एका मोटरला प्रवाह देतो आणि हालचाल दुसरीची वाचतो, त्यामुळे चूक भरून काढण्याच्या प्रयत्नात पहिली मोटर बेफाम धावू शकते. बॅटरी बदलण्यासारखी किरकोळ गोष्टही नियंत्रकाची वीज चालू ठेवून करावयाची असते, अन्यथा सर्व सांध्यांचे स्मरण एकदम जाते. ही वाक्ये पुस्तिकांत असतात, पण सुरक्षिततेच्या स्वतंत्र प्रकरणात, आरंभीच्या पानांवर. सारणी असते शेवटी. रात्री दोन वाजता कोणीही पुस्तिका आरंभापासून वाचत नाही.

सारणी टाकून द्यावी असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. अनुभवी माणसासाठी ती उत्तम स्मरणिका आहे. काकाही ती वापरत. त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर संकेतांचे क्रमांक हाताने उतरवलेले होते. परंतु जे अनुभवी माणसाच्या स्मरणासाठी लिहिले गेले, ते आपण अननुभवी विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी वापरतो, आणि परीक्षेत ‘एन्कोडर-दोषाची पाच कारणे लिहा’ असा प्रश्न विचारून त्यावर शिक्कामोर्तब करतो. पाच कारणे लिहिता येणाऱ्यास त्यांपैकी चार खोडता येतात का, हे आपण कधीच तपासत नाही.

गेल्या दोन सत्रांपासून आमच्या विभागात एक साधी प्रात्यक्षिक-मांडणी वापरली जाते. जुन्या मोटरीचा एन्कोडर, त्याची केबल आणि मध्ये एक बंद डबा. डब्यात कधी वीजपुरवठ्याच्या तारेत काही ओहमचा रोध घातलेला असतो, कधी वाकविल्यावर सुटणारी तार, कधी शील्ड सोडविलेले. कधी काहीच नसते. विद्यार्थ्यांनी डबा न उघडता, दोष केव्हा येतो याची नोंद करून निदान करावयाचे. बहुतेक गट पहिल्या तासाला एन्कोडर बदलून मागतात. त्यांना तो दिला जातो.

त्या जुन्या अहवालाची प्रत विभागीय ग्रंथालयात अद्याप आहे आणि पुढील वर्गांचे विद्यार्थी नमुना म्हणून ती पाहतात, कारण तिच्यावर सर्वाधिक गुण नोंदलेले आहेत. ज्या विद्यार्थ्याचा तो अहवाल होता, त्याला फोन करून खरा दोष कोठे निघाला ते लेखकाने सांगितले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘सर, पण सारणीप्रमाणे तर बरोबरच होतं ना?’ त्याच्या संमतीने काकांच्या वहीतील दोन पानांची छायाप्रत आता त्या अहवालाच्या शेवटी जोडली आहे. गुण बदलण्याची तरतूद नियमांत नाही.